जुनं पळवायचं की नवं बांधायचं? सीमोर क्रेची गोष्ट

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. मी इंजिनीअरिंगला असताना जुन्या बाजारातून घेतलेला डेस्कटॉप सध्या त्याच्याकडे आहे. आत इंटेलचा कोअर आय५-२५००के, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की पंखा घरघरतो, माउस अडखळतो. त्याचा प्रश्न साधा होता. दादा, हाच ओव्हरक्लॉक करून पळवू, की पैसे साठवून नवा घेऊ?

मी लगेच उत्तर दिलं नाही. सीमोर क्रे नावाच्या माणसाबद्दल बोलत बसलो आणि फोन ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता. एकेकाळी जगातले सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर बनवणारा हा माणूस. आयुष्यभर त्याच्यासमोर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: हातातलं यंत्र अजून पळवायचं, की ते बाजूला ठेवून कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची? फरक एवढाच, की त्याचं एकेक यंत्र लाखो डॉलरचं होतं आणि उत्तर चुकलं तर कंपनी बुडत होती.

आधी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते बघू

तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवर वाचत असणार, आणि फोनमध्ये ओव्हरक्लॉकिंग करायची सोय सहसा नसतेच. पण त्याची उलटी बाजू तुम्ही रोज बघता. उन्हात बसून अर्धा तास गेम खेळलात की फोन तापतो आणि गेम अडखळायला लागतो. फोन स्वतःहून क्लॉक खाली आणतो, कारण तसं केलं नाही तर चिप भाजून निघेल.

क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा ठेका. प्रत्येक ठोक्याला आतली कामं एक पाऊल पुढे सरकतात. आय५-२५००के मध्ये १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका असतो आणि त्याला ३३ ने गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ मिळतात. नावातल्या 'के'चा अर्थ असा, की हा गुणक तुम्हाला बदलता येतो. बायोसमध्ये जाऊन ३३ चे ४५ केलेत की झाले ४.५ गिगाहर्ट्झ. फुकटात!

फुकटात अर्थातच नाही. ठेका जलद केला की ट्रान्झिस्टरला उघडझाप करायला वेळ कमी मिळतो, मग त्याला जोर यावा म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं. चिप किती वीज खाते हे ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. समजा क्लॉक ३.३ वरून ४.५ केलं आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला ३६ टक्के. विजेचं गणित मात्र १.३६ गुणिले १.२७, म्हणजे ७३ टक्के जास्त. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती कुठेतरी काढून टाकावी लागते. थोडक्यात, वेगाचा प्रश्न गारव्याचा प्रश्न होऊन बसतो. क्रेच्या आयुष्यातला मोठा भाग याच एका वाक्यात गेला.

चिपेवा फॉल्सचा मुलगा

सीमोर रॉजर क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावचा. वडील सिव्हिल इंजिनीअर. दहा वर्षांचा असताना त्याने खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या संचातून एक यंत्र जोडलं होतं, कागदाच्या पट्टीवरची भोकं वाचून त्याचे मोर्सचे संकेत करणारं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओचं काम, आधी युरोपात आणि मग फिलिपिन्समध्ये जपानी संकेतांच्या मागे. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात मास्टर्स.

त्याची पहिली नोकरी सेंट पॉल शहरातल्या इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. ही कंपनी पुढे एकाने विकत घेतली, त्या एकाला दुसऱ्याने गिळलं, आणि वर साहेब वाढत गेले. आपल्याकडच्या आयटीवाल्यांना हे सांगायला नको. १९५७ मध्ये तिथल्या काही लोकांनी विल्यम नॉरिसच्या पुढाकाराने कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी काढली. हातातलं नौदलाचं काम संपवून क्रे त्यांच्यात गेला.

तिथला त्याचा पहिला मोठा कॉम्प्युटर सीडीसी १६०४. नव्या कंपनीकडे पैसे बेताचे. असं सांगतात, की क्रेने दर्जात न बसलेले स्वस्तातले ट्रान्झिस्टर विकत आणले आणि त्यांचा विक्षिप्तपणा पोटात घेतील अशी सर्किटं आखली. मला ही गोष्ट आवडते, कारण यातला क्रे पुढच्या क्रेसारखा नाही. इथे तो हाताशी आहे त्यात भागवतोय.

६६०० आणि ७६००

पुढच्या यंत्राच्या वेळी त्याने नॉरिसकडे मागणी केली ती एकांताची. मुख्य कचेरीत बैठका आणि पाहुणे फार. १९६२ मध्ये सीडीसीने त्याच्यासाठी चिपेवा फॉल्सला, त्याच्या घराजवळच, प्रयोगशाळा बांधून दिली. तिथे झाला सीडीसी ६६००.

आधी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर वापरायचा बेत होता, पण हवा तो वेग त्यांच्यातून निघेना. मग फेअरचाइल्ड कंपनीचे नवे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले आणि क्रे त्यांच्याकडे वळला. १९६४ चं हे यंत्र १० मेगाहर्ट्झवर चालत होतं. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण आयबीएमच्या तेव्हाच्या सगळ्यात वेगवान यंत्रापेक्षा हे साधारण तिप्पट जलद होतं. कपाट वरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखं, कारण आतल्या तारा आखूड राहायला हव्या होत्या. आत फ्रिजसारखे फ्रीऑन वायूचे पाइप फिरवले होते. हे गारव्याचं काम डीन राउश या इंजिनीअरने केलं आणि क्रेच्या पुढच्या यंत्रांच्या यशात त्याचा वाटा मोठा आहे. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनियर यांनी तेव्हा आपल्या लोकांना एक चिडलेलं टिपण पाठवलं होतं. सफाई करणाऱ्या माणसासकट अवघ्या ३४ जणांची प्रयोगशाळा आपल्या पुढे जाते कशी, असा त्याचा मथितार्थ होता.

मग १९६९ चा सीडीसी ७६००. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे यंत्र महत्त्वाचं आहे, कारण त्याचा गाभा बराचसा ६६०० चाच होता. क्लॉक १० मेगाहर्ट्झवरून ३६ च्या पुढे गेलं. पण नुसतं क्लॉक वाढवून क्रे थांबला नाही. गुणाकार-बेरजेची कामं त्याने टप्प्यांत तोडली. पोळ्या करताना एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो, पहिली पोळी तव्यावर असतानाच दुसरी लाटून होते, तसं. यालाच पाइपलाइनिंग म्हणतात आणि तुमच्या खिशातल्या प्रोसेसरमध्येही तेच आहे. क्लॉक साडेतीन पट, प्रत्यक्ष काम मात्र पाच पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे जुनं पळवणं इथे झकास जमलं.

८६०० : जिथे ओढाताण संपली

यशाने माणूस एक पाऊल पुढे टाकतो. क्रेने ठरवलं, की आता ७६०० लाच आणखी पिळायचं: क्लॉक साडेतीन पट वाढवून १२५ मेगाहर्ट्झ आणि एका यंत्रात असे चार प्रोसेसर. नाव सीडीसी ८६००.

आता थोडं अंतराचं गणित. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तारेतून जाणारा सिग्नल साधारण २०. १२५ मेगाहर्ट्झ म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ८ नॅनोसेकंद. तेवढ्यात सिग्नलने तारेतून जायचं, वाटेतली सर्किटं ओलांडायची आणि उत्तर घेऊन पोचायचं. मग तारा आखूड हव्यात, म्हणजे सगळे भाग एकमेकांना चिकटून हवेत. क्रे अजून सुटे ट्रान्झिस्टरच वापरत होता. त्याने सर्किटच्या पाट्या एकावर एक रचून ठासून भरल्या. पण दाटी वाढली की उष्णता वाढते, आणि यंत्रातले असंख्य सांधे तापून-निवून कुठे ना कुठे सुटायला लागतात. एक सांधा गेला की अख्खं यंत्र बंद. ८६०० सलग नीट चालेचना.

मावसभावाला मी इथे थांबून माझी फजिती सांगितली. फायनल इयरला प्रोजेक्टच्या आधी आठ दिवस मी याच २५००के चा गुणक ४६ वर नेला होता. गेम छान चालले. विंडोज सुरू होत होतं, सगळं ठीक दिसत होतं. फक्त कोड कंपाइल करताना दर वेळी वेगळ्याच फाइलमध्ये चूक निघायची. दोन रात्री मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, प्रोसेसरच अधूनमधून चुकीची बेरीज करत होता. ओव्हरक्लॉकिंगचा खरा धोका हा आहे. चिप जळते असं लोक घाबरवतात, पण ती बहुधा जळत नाही, गरम झाली की स्वतःच मागे सरते. ती गुपचूप चुकते, आणि ते कळत नाही. म्हणून गुणक वाढवल्यावर निदान एक रात्रभर प्राइम९५ सारखी कसोटी लावल्याशिवाय त्या मशीनवर कामाची फाइल उघडू नये.

क्रेला मात्र कळलं होतं. १९७२ च्या सुमारास त्याने नॉरिसला सांगितलं, की या यंत्रात आता जीव नाही, पहिल्यापासून नवं करू दे. कंपनीत त्याच वेळी स्टार-१०० नावाचं दुसरं मोठं यंत्र चाललं होतं आणि दोन्हीला पुरतील एवढे पैसे नव्हते. नॉरिस नाही म्हणाला. क्रेने राजीनामा दिला आणि चिपेवा फॉल्समध्येच क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. भांडण वगैरे नाही, उलट नॉरिसने सीडीसीतर्फे या नव्या कंपनीत थोडे पैसे घातले.

सात-आठ वर्षं एका वाटेने जाऊन, पुढे रस्ता नाही हे मान्य करायचं, आणि तेही आपणच आखलेल्या यंत्राबद्दल. माझ्या ऑफिसात दोन वर्षं चाललेला मॉड्यूल टाकून द्यायला लोक तयार होत नाहीत.

क्रे-१

चार वर्षांनी, १९७६ मध्ये, पहिला क्रे-१ लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पोचला, सहा महिने वापरून बघा या बोलीवर. सुटे ट्रान्झिस्टर गेले होते, त्यांच्या जागी चिप आल्या. पण चिप अगदी साध्या, आणि संपूर्ण यंत्रात त्यांचे प्रकार फक्त चार. क्लॉक ८० मेगाहर्ट्झ.

इथे जरा थांबा. ८६०० चं ठरलेलं क्लॉक १२५ होतं. क्रे नव्या यंत्रात क्लॉकच्या बाबतीत मागे आला! आणि तरी हे यंत्र जगात सगळ्यात वेगवान ठरलं, सेकंदाला जास्तीत जास्त १६ कोटी गणितं करणारं.

कसं? समजा दोन किलो कांदा चिरायचा आहे. प्रत्येक कांद्यासाठी उठून टोपलीपर्यंत गेलात तर सुरी कितीही धारदार असो, वेळ जाण्या-येण्यातच जाणार. त्यापेक्षा परातीत कांदे भरून घ्या आणि एका बैठकीत चिरा. क्रे-१ मध्ये अशा आठ पराती होत्या, प्रत्येकीत ६४ आकडे मावणाऱ्या. त्यांना व्हेक्टर रजिस्टर म्हणतात. एक हुकूम दिला की ६४ आकड्यांच्या जोड्यांची बेरीज ओळीने होत जायची, आणि एका परातीतून निघालेलं उत्तर तसंच पुढच्या गुणाकाराला जायचं.

व्हेक्टरची कल्पना स्टार-१०० मध्येही होती. पण त्यात आकडे दर वेळी मेमरीतून यायचे आणि मेमरीतच जायचे, शिवाय काम सुरू व्हायलाच बराच वेळ लागायचा. कागदावर स्टारचा आकडा दणदणीत होता, प्रत्यक्षात साध्या, एकेकट्या हिशोबांत ते अडखळायचं. क्रे-१ साध्या हिशोबांतही जलद होता. फोनच्या जाहिरातीत बेंचमार्कचा स्कोअर आणि हातात घेतल्यावरचा अनुभव यांत जो फरक पडतो तो हाच.

दिसायला हे यंत्र इंग्रजी सी अक्षरासारखं उभं. लोकांना ती शोभा वाटायची, पण कारण पुन्हा तारांचं. सगळ्या तारा सी च्या आतल्या बाजूला, आणि कुठलीही चार फुटांपेक्षा लांब नाही. चार फूट जायला सिग्नलला साधारण ६ नॅनोसेकंद, आणि ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा. म्हणजे एक तार लांब राहिली तरी ठेका चुकणार. तारा हाताने मोजून कापलेल्या, चिपेवा फॉल्स परिसरातल्या बायकांनी जोडलेल्या. खाली भोवताली गादी घातलेला बाक आणि त्या बाकाखाली वीजपुरवठ्याची सामग्री. वजन साडेपाच टन, वीज ११५ किलोवॉट, फ्रीऑनचे पाइप आत. तेही सुखासुखी झालं नाही. पाइपच्या जोडांतून तेल पाझरायचं, म्हणून जोडणीची पद्धतच बदलावी लागली.

पहिल्या यंत्रात मेमरीतली चूक दुरुस्त करायची सोय नव्हती. वेग कमी होतो म्हणून क्रेला असल्या गोष्टी नकोशा असायच्या. पण मेमरी एवढी मोठी झाल्यावर त्याशिवाय भागेना. पुढच्या यंत्रांत त्याने ती घातली.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने, म्हणजे एनसीएआरने, एक क्रे-१ सुमारे ८८ लाख डॉलरला विकत घेतला. अशी मोजकीच, डझनभर गिऱ्हाइकं मिळतील असा कंपनीचा अंदाज होता. ८० च्या वर यंत्रं गेली.

त्याच्याच कंपनीतला उलटा प्रयोग

१९८० नंतर क्रेने कंपनीचा कारभार सोडला आणि करारावर फक्त यंत्र बनवायचं काम घेतलं. क्रे-२ साठी पुन्हा कोरा कागद. या काळातल्या त्याच्याबद्दल खूप दंतकथा आहेत. दर वर्षी स्वतः होडी बांधायचा आणि मोसम संपला की जाळून टाकायचा, म्हणजे पुढच्या वर्षी जुन्या होडीचा मोह नको. घराखाली भुयार खणायचा आणि खणता खणता यंत्रातल्या अडचणी सुटायच्या. होडीची गोष्ट किती खरी देव जाणे, पण लोकांना ती खरी वाटावी यातच त्याचा स्वभाव दिसतो. मागचं यंत्र सुधारणं त्याला आता रटाळ वाटत होतं.

क्रे-२ ला वेळ लागत होता आणि कंपनीला विकायला काहीतरी हवं होतं. तेव्हा स्टीव्ह चेन या इंजिनीअरच्या गटाने वेगळी वाट धरली. क्रे-१ चाच आराखडा घ्यायचा, नव्या चिप वापरायच्या, क्लॉक ८० वरून १०५ मेगाहर्ट्झ करायचं आणि दोन प्रोसेसर जोडायचे. १९८२ मध्ये हे यंत्र क्रे एक्स-एमपी या नावाने आलं, दोन वर्षांत त्याचे चार प्रोसेसर झाले. काटेकोर बोलायचं तर याला ओव्हरक्लॉकिंग म्हणता येणार नाही, पण वृत्ती तीच: चाललंय ते सोडू नका, त्यातच जीव ओता. चेनच्या गटाची खरी हुशारी मात्र क्लॉकमध्ये नव्हती. क्रे-१ मध्ये प्रोसेसर आणि मेमरीच्या मधला रस्ता अरुंद होता. त्यांनी प्रत्येक प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे तीन रस्ते दिले, दोन आणायला आणि एक ठेवायला.

क्रे-२ आला १९८५ मध्ये. बघायला विलक्षण. सगळी सर्किटं फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात बुडवलेली, काचेआड बुडबुडे दिसणारी. क्लॉक जवळजवळ २४४ मेगाहर्ट्झ, मेमरी २ जीबीपर्यंत. २ जीबी, १९८५ मध्ये! पण ही मेमरी प्रोसेसरच्या मानाने संथ होती, आकडा यायला वेळ लागायचा, आणि रस्ता प्रत्येक प्रोसेसरला एकच. क्रे-१ मधली, एका परातीतलं उत्तर थेट पुढच्या कामात ओतायची युक्तीही त्यात नव्हती. ज्यांना प्रचंड मेमरी हवी होती त्यांना क्रे-२ शिवाय पर्याय नव्हता. बाकी कित्येक कामांत चार प्रोसेसरचा एक्स-एमपी, निम्म्याहून कमी क्लॉकवर, त्याच्या तोडीला येत होता. क्रे-२ तीसच्या आत विकले गेले. एक्स-एमपी त्याच्या कितीतरी पट.

यातला एक एक्स-एमपी आपल्याकडेही आला. भारताला हवामानाच्या अंदाजासाठी मोठं यंत्र हवं होतं. अमेरिकेने मोठं द्यायला नकार दिला आणि एका प्रोसेसरचा एक्स-एमपी-१४ तेवढा दिला, तोही फक्त हवामानाच्या कामासाठी. १९८८-८९ मध्ये तो दिल्लीत बसला. त्या नकाराच्याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. क्रेसारखा एक तगडा प्रोसेसर बनवायची सोय आपल्याकडे नव्हतीच. परममध्ये ट्रान्सप्युटर नावाचे बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडले होते. क्रेला ही पद्धत कधी पटली नव्हती. थोडे पण जबरदस्त प्रोसेसर, हेच त्याचं मत.

सोन्याची वाट सोडून

तिसऱ्या वेळी क्रेने सिलिकॉनच सोडायचं ठरवलं. गॅलियम आर्सेनाइड नावाचं द्रव्य सिलिकॉनपेक्षा जलद, म्हणून क्रे-३ त्याचा करायचा, ५०० मेगाहर्ट्झवर. पण त्यातून मोठ्या प्रमाणावर चिप करून देणारे कारखाने नव्हते, आणि यंत्राचे भाग इतके बारीक झाले की जोडणीसाठी यंत्रमानव लागले. इकडे कंपनीत एक्स-एमपीच्या घराण्यातलं पुढचं यंत्र, सी-९०, चाललं होतं. दोन्हीला पैसे पुरेनात.

हे तुम्ही आधी वाचलंय. ८६०० आणि स्टार-१०० चीच परिस्थिती. फक्त या वेळी कंपनी त्याच्याच नावाची होती. १९८९ मध्ये क्रे-३ चा प्रकल्प वेगळा काढून क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही निराळी कंपनी कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाली आणि क्रे तिच्यात गेला. १९९१ च्या डिसेंबरात लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपली मागणी रद्द केली. १९९३ मध्ये एकच क्रे-३ बाहेर पडला, एनसीएआरकडे, तोही वापरून बघायला. क्रे तोपर्यंत क्रे-४ वर गेला होता, १ गिगाहर्ट्झच्या. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं आणि क्रे-४ राहूनच गेला.

सामान्य माणसाच्या डेस्कटॉपमध्ये १ गिगाहर्ट्झ आला मार्च २००० मध्ये, एएमडीच्या अॅथलॉनमधून. साध्या सिलिकॉनवर. जुन्या वाटेवरचे हजारो लोक दर वर्षी थोडंथोडं पुढे सरकत तिथे पोचले होते.

माझं मत विचाराल तर क्रे नवं बांधत राहिला म्हणून हरला, असं नाही. क्रे-१ ही तसाच बांधला होता. १९७२ मध्ये जुनी वाट खरंच संपली होती, सुटे ट्रान्झिस्टर आणखी दाटीने बसवायला जागाच उरली नव्हती. १९८८ मध्ये सिलिकॉनची वाट संपलेली नव्हती, ती त्याला संपल्यासारखी वाटली.

७० वर्षांचा असताना, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, त्याने आणखी एक कंपनी काढली. एसआरसी, त्याच्या नावाची आद्याक्षरं. आणि या वेळी खूप प्रोसेसर एकत्र जोडायचे होते. ज्या पद्धतीला आयुष्यभर नाकं मुरडली तीच. त्यात त्याचं लक्ष होतं ते प्रोसेसर आणि मेमरीच्या मधल्या रस्त्यावर. २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या महामार्गावर त्याच्या जीपला अपघात झाला. ५ ऑक्टोबर १९९६ ला तो गेला, ७१ वर्षांचा होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

मावसभावाचं काय झालं ते राहिलंच. मी त्याला टास्क मॅनेजर उघडून अँड्रॉइड स्टुडिओ चालू असतानाचे फोटो पाठवायला सांगितले. प्रोसेसर ३५ टक्के, ८ जीबी रॅम काठोकाठ, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. म्हणजे सुरी रिकामी बसली होती, घोडं टोपलीपाशी अडलं होतं. तिथे गुणक ४५ केला असता तरी प्रोसेसर जास्त वेगाने वाट बघत बसला असता. त्याने एक साधी साटा एसएसडी आणि आणखी ८ जीबी रॅम घेतली.

आता फक्त बिल्ड करताना चारही कोअर १०० टक्के होतात, आणि तिथे क्लॉकचा उपयोग आहे. त्याच्या मदरबोर्डवर गुणक बदलता येतो, स्वस्तातल्या कित्येक बोर्डांवर येत नाही, तेव्हा के नाव बघून हुरळू नका. व्होल्टेज फारसं न वाढवता त्याने ४.१ गिगाहर्ट्झ ठेवलंय, बरा कूलर लावून आणि रात्रभर कसोटी घेऊन. नवा घ्यायचा तर मात्र नुसता प्रोसेसर बदलून चालणार नाही. सॉकेट वेगळं, म्हणून बोर्ड नवा, आणि रॅमही नवी. २०२२ च्या आय३-१२१०० सारख्या लहान प्रोसेसरमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि दर ठोक्याला तो कितीतरी जास्त काम करतो, तेव्हा ४.५ वर ताणलेला २५००के त्याला गाठत नाही. शिवाय विंडोज ११ ला हा जुना प्रोसेसर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे पुढच्या वर्षी इंटर्नशिपचे पैसे आले की तो पूर्ण संच बदलणार आहे. एसएसडी तेवढी नव्यात लावता येईल. जुन्या मशीनवर लिनक्स टाकून ते मावशीला देऊ म्हणतोय.